धाकट्याच्या वतीने

पहिल्यांदा मी त्या समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे गेले ती स्वतःसाठी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. वेळ घेतली होती माझ्या धाकट्या भावासाठी. त्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि उंबऱ्यापर्यंत येऊन म्हणाला, "ताई, मला नाही जमायचं." मग बूट काढून जागेवर ठेवले, आपल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मी खांद्याला पर्स अडकवून जिन्यात उभी. दिलेली वेळ चुकवणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, तो नाही तर नाही, आपण त्याच्या वतीने जाऊ. बाईंना सगळं सांगू, त्या काय उपाय सांगतील तो समजून घेऊ आणि घरी येऊन अमलात आणू. वॉर्डात रुग्ण झोपलेला असला तरी त्याची हकीकत डॉक्टरांना सांगायला सिस्टर असतेच की.

मी सिस्टर होते. सगळी नोकरी एकाच हॉस्पिटलात झाली, शेवटी पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य म्हणून निवृत्त झाले. पाठीमागे मला सगळे हवालदार म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे वॉर्ड चांगला चालायचा. लग्नाबिग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. आईवडील गेल्यावर रक्ताचं माणूस म्हणजे हा एक धाकटा.

बाईंची जागा दुसऱ्या मजल्यावर होती. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, त्यामुळे जिना चढताना यंत्राचा किर्र आवाज यायचा आणि आपलेच दात शिवशिवायचे. वर मात्र दवाखान्याची एकही खूण नाही. पांढरा कोट नाही, तपासणीचं टेबल नाही, फिनेलचा वास नाही. तीन खुर्च्या होत्या, तिन्ही वेगळ्या. एक हाताची, एक बिनहाताची, एक जुनी खोलगट, बसलं की माणूस आत जाईल अशी. कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडली होती. पाणी फार घालत असणार, हे मी आत पाऊल टाकताच ताडलं. बाई माझ्याहून लहान, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेल्या. म्हणाल्या, "हवी ती खुर्ची घ्या." मी दाराजवळची बिनहाताची घेतली. कुठेही गेलं तरी दाराजवळ बसायची मला सवय आहे.

मी रिपोर्ट दिला. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला रुग्ण सोपवते तसा. धाकटा पन्नाशी ओलांडलेला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. मूलबाळ नाही. बायको दीर्घ आजारात गेली, तिचं सगळं त्यानेच केलं. ती गेल्यावर वर्षभर बरा वाटला, कामावर जायचा, हसायचा. मग एक दिवस घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या झोपेच्या गोळ्या घेतल्या. शेजाऱ्याला शंका आली, त्याने दार तोडलं, म्हणून वाचला. तेव्हापासून माझ्याकडे आहे. डोक्याच्या डॉक्टरांची औषधं चालू आहेत. झोप बरी, भूक बेताची, बोलणं नाही.

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. मला ते खटकलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि हे सांगताना तुम्हाला काय होतंय?"

मला काहीही होत नाही, मी म्हटलं. मला काही व्हायचं असतं तर मी या धंद्यात टिकले नसते.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की जो माणूस या खोलीत नाही त्याच्यावर त्या इथून उपचार करू शकत नाहीत. तो कधीही आला तरी त्याच्यासाठी दार उघडं आहे. पण इथे जो येऊन बसतो, ही वेळ त्याची. काय बोलायचं, कुठवर जायचं, कधी थांबायचं, हे त्यानेच ठरवायचं. मी मान डोलावली. हे सगळं फाइलवर लिहायचं बोलणं असतं, प्रत्यक्षात काम वेगळंच चालतं, असा माझा जन्मभराचा अनुभव. पुढच्या आठवड्याची वेळ देऊन ठेवा, म्हटलं.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं, तू येत नाहीस ना, मग तुझ्या वतीने मी जात जाईन. त्याने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. "मग माझ्या गोळ्याही तूच घेत जा," म्हणाला. तो माझ्याकडे राहायला आल्यापासूनचा त्याचा हा पहिला विनोद. मी तो पुढच्या भेटीत बाईंना प्रगती म्हणून कळवला.

हे असं सुरू झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दर आठवड्याला मी जायची, बिनहाताच्या खुर्चीत ताठ बसायची आणि धाकट्याने काय खाल्लं, किती झोपला, दाढी केली की नाही, हे सांगायची. बाई ऐकायच्या. असं ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. आपण बोलत असताना लोक पुढचं वाक्य जुळवत असतात, ते डोळ्यांत दिसतं. यांच्या डोळ्यांत तसं काही नसायचं. मी गप्प झाले तर त्याही गप्प. मनातल्या मनात मी त्यांचं नाव मौनीबाई ठेवलं होतं. आणि वेळ संपत आली की दरवेळी एकच विचारायच्या, आजचं कसं झालं, माझं कुठे चुकलं का? मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा चाटच पडले. हॉस्पिटलात रुग्णाला कुणी असं विचारलं असतं तर त्यालाच ताप चढला असता.

एकदा मी त्यांना सांगूनच टाकलं. म्हटलं, तुमचं सगळं बरं आहे, पण तुम्ही काही सांगत नाही. मी इतका जिना चढून येते आणि परत जाताना माझ्या हातात काही नसतं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. आणि परत गप्प. पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन मी धाकट्यापुढे तणतणले, की ही कसली विद्या, सगळं मलाच विचारतात, मला माहीत असतं तर मी गेले असते कशाला. तो पोळपाटाएवढ्या खिडकीतून बाहेर बघत बसला होता. न वळताच म्हणाला, "मीसुद्धा जन्मभर तेच केलं ना, ताई. एक काच लावायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, ही बरी की ती बरी? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून मला थोडंच दिसतं."

मी त्याला म्हटलं, तू तिचीच बाजू घे.

आता घरातलं सांगते. त्याला मी तळहाताच्या फोडासारखा जपत होते. त्याच्या खोलीची आणि न्हाणीघराची कडी मी पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. औषधं माझ्या कपाटात, कुलूपबंद. सकाळ-संध्याकाळची गोळी मी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. त्याच्या घराची किल्लीही त्याच कपाटात. तो अंघोळीला गेला की मी बाहेर काहीतरी आवरत राहायची आणि पाण्याचा आवाज ऐकायची. पाणी थांबलं की माझा श्वास थांबायचा. येता जाता विचारायची, "ठीक आहेस ना?" तो म्हणायचा, "ठीक." वॉर्डात फेरी मारताना आम्ही असंच विचारतो, पुढच्या खाटेकडे पाऊल पडलेलं असताना. आपल्याला उत्तर हवं असतं ते "ठीक", आणि रुग्णांनाही ते कळतं. ते शहाणे असतात.

हे सगळं मी बाईंना अभिमानाने सांगितलं होतं. एकदा पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते ते सांगत होते, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "यात मला थोडा राग ऐकू येतोय. त्याच्यावरचा."

माझं टाळकं सरकलं. आजारी माणसावर राग? अंगावर थुंकणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, सुई टोचली म्हणून थोबाडीत मारणाऱ्या रुग्णांचं केलं मी, कधी कुणावर रागावले नाही. आणि हा तर माझ्या पाठचा. मी हे सगळं त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी घाई केली. तुमचं तुम्हालाच माहीत. माझं ऐकण्यात चुकलं असेल."

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. वादात मी कुणाला हार जात नाही. पण शब्द असा परत घेतला की त्याचं काय करायचं ते कळत नाही. तो शब्द माझ्याकडेच राहिला. आठवडाभर भांडी घासताना, बाजारात, बसची वाट बघताना मी मनातल्या मनात त्या बाईंना उत्तरं देत होते, आणि त्या तर केव्हाच गप्प झाल्या होत्या.

मग किल्लीचं निघालं. एका सकाळी गोळी गिळून झाल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, माझ्या घराची किल्ली दे. मला तिकडे राहायला जायचंय." त्याने मला न सांगता दुकानाच्या मालकाला फोनही केला होता. मालक म्हणाला होता, ये, अर्धा दिवस बस, जमेल तसं वाढव. डोक्याच्या डॉक्टरांनाही त्यानेच विचारलं होतं. तेही म्हणाले होते, प्रयत्न करून बघायला हरकत नाही, बहिणीशी नीट बोला. एवढं सगळं या माणसाने केलं, ज्याच्याबद्दल मी दर आठवड्याला "बोलणं नाही" असा रिपोर्ट देत होते.

मी म्हटलं, बघू. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे लहानपणापासून दोघांनाही पाठ. तो म्हणाला, "बघ." आणि रोज सकाळी गोळी गिळून झाली की माझ्याकडे नुसता बघायचा. मागायचा नाही. ते जास्त वाईट होतं.

काय सांगू, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते घर मी पाहिलं होतं. तोडलेल्या दाराची नवी चौकट मीच बसवून घेतली होती. त्या घरात तो एकटा असणार, आणि मी इथे, पाण्याचा आवाज न ऐकता. हो म्हटलं आणि काही झालं, तर त्याला मारला मी. नाही म्हटलं, तर तो माझ्याकडे सुखरूप राहील, आणि असाच भिंतीकडे तोंड करून म्हातारा होईल. यातलं कुठलं करावं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मला हुकूम हवा होता. जन्मभर मी हुकूम पाळले आणि हुकूम दिले, मधलं मला काही येत नाही.

त्या आठवड्यात मी बाईंकडे गेले ती पदर खोचूनच. रिपोर्ट दिला नाही. सरळ म्हटलं, "आज मला हो की नाही, एवढंच सांगा. किल्ली देऊ की नको?"

बाईंनी हे हसण्यावारी नेलं नाही, की गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी सरळ सरळ प्रश्न विचारले. गोळ्या नीट घेतो का, डॉक्टर काय म्हणाले, जवळपास कोण आहे, आणि जीव द्यायचा विचार त्याच्या मनात अजून येतो का? बाकीच्यांची उत्तरं मी दिली. शेवटच्याला म्हटलं, रोज विचारते, ठीक आहे म्हणतो.

"काय विचारता? तुमच्या शब्दांत सांगा," बाई म्हणाल्या.

"ठीक आहेस ना, असं."

त्या काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात माझं मलाच ऐकू आलं, आणि मी चिडले. म्हटलं, फिरवू नका मला. तुम्ही शिकलेल्या आहात, अशी कितीतरी माणसं तुमच्यासमोर बसून गेली असतील. तो जगेल की नाही?

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "तुम्ही माझ्याकडे हमी मागताय," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडे नाही. त्याला मी पाहिलेलंही नाही. पण जे रोज इथे येऊन बसतात, त्यांचीही मला देता येत नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज सपाट झाला. तो आवाज मी ओळखते. ज्या सिस्टरच्या पाळीत माणूस गेलेला असतो, ती दुसऱ्या दिवशी कामावर येते तेव्हा असं बोलते. यांच्या या खुर्च्यांपैकी एकीत बसणारं कुणीतरी एक दिवस आलं नव्हतं, हे मला न सांगता कळलं. मी विचारलं नाही. पण दया येण्याऐवजी मला आणखीच भीती वाटली.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस ज्या भीतीत राहताय, तिथे मी तुमच्याबरोबर बसू शकते. तेवढं मला येतं."

"बसून काय होणार?" मी म्हटलं आणि उठले. वेळ संपायची होती. कुठलंही काम अर्धवट टाकून मी उठल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी उठले. जिन्यात खालच्या डॉक्टरांचं यंत्र चालू होतं. मला त्या खुर्चीतल्या माणसाचा हेवा वाटला. त्याला निदान कुठे दुखतंय ते बोटाने दाखवता येत होतं.

घरी आले तर धाकटा टेबलाशी पाठमोरा बसला होता, वाकून, हात पोटाशी धरून. हातात काहीतरी टोकदार चमकलं. मी पर्स टाकली आणि झडप घालून त्याच्या हातातलं हिसकावून घेतलं.

चष्म्याचे स्क्रू पिळतात तो बारका स्क्रूड्रायव्हर होता, काडीएवढा. समोर वर्तमानपत्रावर माझाच चष्मा पडला होता, त्याची दांडी कित्येक दिवस लटपटत होती. धाकटा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, याने मुंगीसुद्धा मरायची नाही."

आणि मी फुटले. आवाज चढवायची मला सवय आहे, पण हा आवाज माझा मलाच अनोळखी होता.

"तू मला न विचारता निघाला होतास," मी म्हटलं. "आई गेली, बाबा गेले, तुझी बायको गेली. उरलो आपण दोघं. आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. मला शेजाऱ्याचा फोन आला. माझ्याच हॉस्पिटलात, मी शिकवलेल्या पोरींनी तुझ्या नाकातून नळी घातली आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मला, बाहेर. त्या पोरी मला धीर देत होत्या. मला तुझा राग येतो. तेव्हापासून येतोय. सकाळी तुझ्या हातावर गोळी ठेवते ना, तेव्हा रोज येतो. तू गेला असतास तर मी कुणाची कोण राहिले असते, याचा विचार केलास का तू?"

एवढं बोलून मी खुर्चीत बसले. मनात म्हटलं, झालं. दीड-दोन वर्षं जपलं आणि आज स्वतःच्या तोंडाने मारलं. आजारी माणसाशी असं बोलणाऱ्या पोरीला मी वॉर्डातून घरी पाठवलं असतं.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मात्र मोकळा दिसत होता, कितीतरी महिन्यांत दिसला नव्हता तसा. "नव्हता केला," तो म्हणाला. "तेव्हा कुणाचाच विचार येत नव्हता. तुझाही नाही. खरं सांगतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "बरं झालं रागावलीस. सगळे माझ्याशी असे बोलतात जसा मी काचेचा आहे. मला वाटायला लागलं होतं की माझ्यावर रागवण्याइतकाही मी आता कुणाचा उरलो नाही."

मग मी विचारलं. इतके दिवस ज्या प्रश्नाच्या भोवती मी कड्या काढत आणि कुलपं लावत फिरत होते, तो विचारला. "तो विचार अजून येतो का रे?"

तो गप्प झाला. माझी जीभ वळवळत होती. "नाही ना येत?" असं म्हणून टाकावं, म्हणजे तो "नाही" म्हणेल आणि मी उठून चहा ठेवीन, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड मिटून घेतलं. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिले. नुसतं बसणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. त्या बाई दिवसभर हेच करतात, आणि मी त्यांना मौनीबाई म्हणत होते.

"येतो," धाकटा म्हणाला.

अंगातली सिस्टर उठून उभी राहिली होती: डॉक्टरांना फोन कर, कपाट तपास, याला एकटं सोडू नकोस. तिला मी कशी खाली बसवली, ते माझं मला माहीत.

"रोज नाही येत," तो सांगत होता. "आधी सारखा यायचा, आता मधूनच येतो. मंगळवारी आला होता."

"मग?"

"तू स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होतीस. मी येऊन तुझ्याजवळ बसलो. थोडे सोलले."

मला मंगळवार आठवला. त्याने सोललेले वाटाणे टोपलीत कमी आणि जमिनीवर जास्त पडत होते. "मी तुला काहीतरी म्हटलं होतं," मी म्हणाले.

"म्हणालीस, जा, पड जरा, इथे पसारा नको करूस."

"आणि?"

"नाही गेलो. बसून राहिलो. मग तो गेला."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही आणि इतका आनंदही. जो क्षण अडवायला मी सगळं घर बंद करून ठेवलं होतं, तो माझ्यासमोर, माझ्या कोपराशी येऊन बसला होता आणि मी त्याला पसारा म्हणत होते. आणि धाकटा, ज्याला मी स्वतःची गोळी हातात धरू देत नव्हते, त्याने आपला जीव वाचवायचा रस्ता स्वतः शोधला होता. मला न सांगता.

सांगितलं का नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर किल्ली तू विहिरीत टाकली असतीस. खोटं नव्हतं ते.

"तिकडे कुणाजवळ जाऊन बसशील?" मी विचारलं.

याचा त्याने विचार केलेला नव्हता, किंवा केला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. तो वर्तमानपत्राची कड दुमडत राहिला. मग म्हणाला, "तुला फोन करीन. तू काय करतेयस ते सांग. वाटाणे सोलत असशील तर वाटाणे. पण लगेच सिस्टर होऊन धावत येऊ नकोस."

"धावत येणारच," मी म्हटलं.

"बरं, ये. पण आलीस की बस. काही करू नकोस."

मी उठले, कपाट उघडलं आणि किल्ली आणून त्याच्यापुढे ठेवली. जो रोज "ठीक" म्हणत होता, त्याच्या हाती किल्ली द्यायची माझी छाती नव्हती. जो म्हणाला "अजून येतो", त्याला दिली. हे मला कुणी शिकवलेलं नाही, कुणी सांगितलंही नाही, आणि बरोबर केलं की चूक, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही.

मंगळवारचं त्याने डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी बाहेर बसले होते. आता गोळ्या त्याच्याच ताब्यात असतात, एका वेळी थोड्याच. तो अर्धा दिवस दुकानात बसतो. मी बाईंकडे अजून जाते. त्या दिवशी अर्ध्यावर उठून गेले त्याबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी त्यांच्याकडून मला काही हवं होतं का जे मिळालं नाही. मी म्हटलं, हुकूम हवा होता. त्या म्हणाल्या, ते मला कळलं होतं. मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो आणि मी रडले, मनसोक्त, घड्याळाकडे न बघता. भीती गेलेली नाही. ती जाणार नाही असंच दिसतं. तिच्याबरोबर भाजी आणायला जाता येतं, एवढं कळलंय.

धाकट्याचे फोन येतात. बहुतेक वेळा दुकानातलं काहीतरी असतं, कुणी उलटा चष्मा घालून भांडायला आलं होतं, असलं. पण कधी कधी पलीकडे आधी थोडी शांतता असते, आणि मग तो विचारतो, "ताई, काय करतेयस?"

मग मी हातातलं टाकते, खुर्ची ओढून बसते, आणि काही करत नसले तरी सांगते, "वाटाणे सोलतेय रे." आणि तो "बरं, बस आता" म्हणेपर्यंत सोलत राहते.